आईच्या नावाच्या चिठ्ठ्या

प्रिय डस्टर,

त्या दिवशी सकाळी मी तुझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसलो होतो. मांडीवर फाइल, फाइलवर चष्म्याचं घर. तू मागे. सभागृहाच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा तू पुढे वाकलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि हळूच म्हणालास, "आज चिठ्ठी पाठवू नकोस. आज मी आत बसणार आहे." मी मान हलवली. तू उतरून गेलास. मी फाइलच्या कप्प्यातलं कोऱ्या चिठ्ठ्यांचं पॅड काढलं आणि चष्म्याच्या घराखाली सरकवून ठेवलं, जणू ते दिसलं नाही म्हणजे ते नाहीच. मनातल्या मनात देवाला हात जोडले, की याला आज आत बसव. देवाने ऐकलं. त्या सकाळचं पुढचं मी नंतर लिहितो. एकदम लिहायला हात धजत नाही.

तुला डस्टर म्हणून हाक मारून किती वर्षं झाली, हे मोजायला बसलो आणि मोजणी सोडून दिली. गावच्या शाळेत मी फळ्यावर सुविचार लिहायचो आणि वर्गात सर्वांत उंच म्हणून तू फळा पुसायचास. माझं लिहून झालं की तू वाचायचास आणि मोठ्याने चुका काढायचास. मास्तर दारातूनच ओरडायचे, "खडू-डस्टर, इकडे या." तू शपथ घेतलीस त्या दिवसापासून मी तुला 'साहेब' आणि 'तुम्ही' म्हणू लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. गाडीत ड्रायव्हर ऐकत होता, म्हणून तोंडातून आपोआप निघालं. तू एकदा म्हणालास, की एकटे असताना तरी अरेतुरे कर. पण आपण एकटे असायचो कधी? आज या कागदावर आहोत. म्हणून 'तू' लिहितोय. राग आला तर खडूवर काढ. कार्यालयाच्या लेखनिकावर काढू नकोस, त्या बिचाऱ्याने आयुष्यभर सांगितलं तेच लिहिलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावत आलो. ते खरं नाही. तेच सांगायला बसलोय.

पहिल्या निवडणुकीत आपल्याकडे होतं काय? एक भाड्याची खोली, दोन टेबलं, गळका नळ आणि शाळेने टाकून दिलेला काळा फळा. तो तू स्वतः खांद्यावर घेऊन आलास. लोकांसमोर म्हणालास, की डाव्या बाजूला मला पैसे देणाऱ्यांची नावं राहतील आणि उजव्या बाजूला मी सभागृहात दिलेली मतं. दोन्ही एकाच फळ्यावर. येता-जाता वाचा आणि मला जाब विचारा. डावी बाजू बघता बघता भरली. दोनशे चौदा नावं. शिंपी, दूधवाला, सायकलवाला, दोन निवृत्त शिक्षिका. एक म्हातारी काही केल्या नाव लिहू देईना, सुनेला कळलं तर माझी धडगत नाही म्हणाली. तिच्या जागी मी 'एक आजी' लिहिलं. तू निवडून आलास. मग दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी उजवी बाजू लिहायचो: तारीख, विधेयक, तुझं मत आणि खाली तुझ्याच शब्दांत एका ओळीचं कारण. कोपऱ्यावरचा न्हावी एकदा साबणाच्या हाताने भांडायला आला होता, आठवतं? "माझे पैसे परत द्या, नाही तर तुमचं मत परत घ्या." तू त्याला चहा पाजलास, अर्धा तास समजावलंस. त्याला पटलं नाहीच. तो गेल्यावर तू घाम पुसत म्हणालास, "खडू, सभागृहात इतका घाम फुटत नाही रे." किती खुशीत होतास तेव्हा.

दुसऱ्या निवडणुकीला मतदारसंघ वाढला, गाड्या लागल्या, माणसं लागली आणि शेठ आले. लांब पल्ल्याच्या सत्तर बसगाड्यांचे मालक. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. आपल्या शिपायाच्या बायकोच्या ऑपरेशनला न मागता मदत केली त्यांनी. त्यांच्यामागून त्यांचे दोन भाऊ आले, एक जावई, दोन बिल्डर आणि एक औषधकंपनीवाला. डाव्या बाजूला सात नावं झाली. मी मोठ्या अक्षरांत लिहिली तरी निम्मी जागा उरली. तू फळ्यासमोर हात मागे बांधून बराच वेळ उभा राहिलास आणि म्हणालास, "रंगकाम काढलंय ना? तोवर हा कपाटामागे ठेव." रंगकाम चार दिवसांत झालं. फळा नऊ वर्षं कपाटामागे राहिला. आपण काही लपवलं, असं कुणी म्हणू शकणार नाही. पैसे देणाऱ्यांची यादी निवडणूक कचेरीत रीतसर दिलेली आहे, तुझी मतं सभागृहाच्या नोंदीत छापलेली आहेत. दोन्ही कुणालाही बघता येतात. फक्त दोन वेगळ्या इमारतींत, दोन वेगळ्या खिडक्यांवर. एका नजरेत येत नाहीत, एवढंच.

आता चिठ्ठीचं. तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमाने लिहितो, कारण माझ्याच डोक्यात हा क्रम कधी नीट लागलेला नाही. मतदानाआधी घंटा वाजते, तीन मिनिटांनी दारं बंद होतात. मोबाइल बाहेर कप्प्यात असतात. त्या तीन मिनिटांत घरच्या आजारपणाची चिठ्ठी आली तर दारवान ती आत नेऊन देतो, सभासदाला बाहेर पडता येतं आणि नावापुढे नुसतं 'गैरहजर' न लिहिता 'सकारण गैरहजर' लिहितात, कारणासकट. चिठ्ठी नंतर दारवानाच्या वहीत डकवली जाते. पहिली चिठ्ठी खरी होती. आई जिन्यावरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. मी लिहिलं, 'आई आजारी. लगेच बाहेर यावे.' तू धावत आलास तेव्हा एका पायातला बूट निम्माच चढवलेला होता. त्या दिवशी आत मतदान होतं जुन्या बसगाड्या रस्त्यावरून काढण्याचं. आपल्या कुणाच्या ते लक्षातही नव्हतं. शेठच्या होतं. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात फळं घेऊन आले आणि बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसून म्हणाले, "आईंना लवकर बरं वाटू दे. पण वेळ मात्र अगदी नेमकी साधली हो त्यांनी." मी हसलो. का हसलो, देव जाणे.

पुढच्याच अधिवेशनात ड्रायव्हरांचं विधेयक आलं. दिवसाला आठ तासांच्या वर गाडी चालवायची नाही आणि रात्रभराच्या मार्गावर दोन ड्रायव्हर हवेत. सातआठ ड्रायव्हर कार्यालयात आले होते. त्यांतला तो मिशीवाला, डोळे तांबारलेले, मला म्हणाला, "साहेबांना सांगा, मी उघड्या डोळ्यांनी झोपायला शिकलोय. मागे चाळीस माणसं झोपलेली असतात. त्यांचे डोळे मिटलेले असतात, एवढाच काय तो फरक." तू त्यांना शब्द दिलास. संध्याकाळी शेठचा फोन आला. नंतर तू मागच्या खोलीत बूट काढून बसलास, मोज्यावर मोजा चढवल्यासारखे पाय एकमेकांवर घासत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मी दारात उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलंस आणि काही बोलला नाहीस. तेव्हा मी म्हणालो, "उद्या आईंची चिठ्ठी पाठवू का?"

हे मी म्हणालो, डस्टर. तू नाही, शेठ नाही. तू हो म्हटलं नाहीस, नाहीही म्हटलं नाहीस. बूट घातलेस आणि घरी गेलास. तुझं न बोलणं मी होकार समजलो आणि त्यात मला, सांगायला लाज वाटते, बरंही वाटलं. मित्र अडचणीत असताना आपल्याला युक्ती सुचली, याचं बरं. दुसऱ्या दिवशी घंटा झाली, मी तेच पाच शब्द लिहिले, तू तोंडावर काळजी आणून बाहेर आलास आणि आपण उपाहारगृहात चहा घेतला. विधेयक तीन मतांनी पडलं. तू ड्रायव्हरांविरुद्ध मत दिलं नव्हतंस. शेठविरुद्धही नाही. तू आईकडे गेला होतास.

अशा अकरा चिठ्ठ्या झाल्या. सात वेळा शेठच्या कामाच्या वेळी, दोनदा औषधवाल्याच्या, दोनदा बिल्डरांच्या. मी यादी केलेली नाही, मला त्या तारखा पाढ्यासारख्या पाठ आहेत. आठव्या की नवव्या वेळी दारवानाने चिठ्ठी हातात घेतली, पाहिली आणि मला म्हणाला, "अहो, तुमच्या साहेबांच्या आईंना घंटेची ॲलर्जी आहे का हो?" मी म्हणालो, वय झालं. तो म्हणाला, "हो, घंटेचंही झालंय." आणि चिठ्ठी घेऊन आत गेला. मी पहाटे उठून पाच मिनिटं देवापुढे डोळे मिटून बसतो, तुला ठाऊक आहे. त्या दिवसापासून डोळे मिटले की पहिले ते पाच शब्दच येऊ लागले. मी ते पुसायचो आणि ते परत उमटायचे. फळा नीट ओल्या फडक्याने पुसला नाही की कसं, वाळल्यावर सगळं पुन्हा दिसतं.

आईंना हे माहीत होतं. हे तुला माहीत आहे का, मला माहीत नाही. पाचव्या खोट्या चिठ्ठीच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी सह्यांचे कागद घेऊन गेलो होतो. आई गच्चीवर, खुब्याचं दुखणं विसरून, दोरीवर चादरी वाळत घालत होत्या आणि शेजारणीशी कठड्यावरून भांडत होत्या. तेवढ्यात खाली एक गाडी थांबली. तुझ्या बाकावरच्या सभासदाच्या पत्नी, हातात फुलं, आईंच्या तब्येतीची चौकशी करायला. मी जिन्यात थिजलो. आईंनी वरून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. चादर तशीच टाकून त्या खाली आल्या, पलंगावर आडव्या झाल्या, छातीपर्यंत पांघरूण ओढलं आणि अशा काही खोकल्या, की त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पाऊण तास त्या पडून होत्या. बाई गेल्यावर उठून बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "खडू, पुढच्या वेळी मी आजारी पडले की मलाही एक चिठ्ठी पाठवत जा. निदान केस तरी विंचरून ठेवीन." मी त्यांच्या पायाशी बसलो. मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "लहानपणी तो शाळा बुडवायचा तेव्हा माझंच पोट दुखायचं. तेव्हा मी त्याला पाठीशी घातलं, ती सवय मीच लावली. पण तू तरी लिहायला नको होतंस. तुझं अक्षर चांगलं आहे." एवढंच. मग म्हणाल्या, "दूध तापलंय, घे थोडं."

मी दूध घेतलं. त्यानंतर आणखी सहा खोट्या चिठ्ठ्या लिहिल्या.

आता ती सकाळ. मी सभागृहाबाहेरच्या लांब बाकावर बसलो होतो. ड्रायव्हरांचं विधेयक तिसऱ्यांदा आलं होतं. शेठचा माणूस समोरच्या खांबाला टेकून माझ्या हाताकडे बघत होता आणि मी मुद्दाम दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले होते. दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझा फोन वाजला. आईंना सांभाळणाऱ्या बाईंचा. त्यांच्या आवाजावरूनच मी उठून उभा राहिलो. आईंना धाप लागली होती, ओठ निळे पडले होते, गाडी बोलावली होती, पण त्या साहेबांचं नाव घेत होत्या. आणि त्याच क्षणी घंटा झाली. मी पॅड काढलं. डस्टर, मी शपथेवर सांगतो, मला वेगळं लिहायचं होतं. 'खरंच' लिहायचं होतं, 'खडू' लिहायचं होतं, काहीही, जे त्या अकरांत नव्हतं. पण हात आपला आपण चालला. आई आजारी. लगेच बाहेर यावे. दारवान ते घेऊन आत गेला तेव्हा शेठचा माणूस खांबापाशी गालात हसला. मला तेव्हा कळलं मी काय केलंय. मी दुसऱ्या कागदावर 'ही खरी आहे' एवढं लिहिलं आणि दाराकडे धावलो. दारं बंद झाली होती. दारवान म्हणाला, "आता मतमोजणी होईपर्यंत देव आला तरी उघडायचं नाही."

दाराला एक उभी काच आहे. त्यातून तू दिसत होतास. चिठ्ठी तुझ्या हातात होती. तू ती वाचलीस, मान वर करून दाराकडे पाहिलंस, थेट माझ्याकडे, आणि तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. तुला वाटलं, खडू फुटला. तू नको म्हणून सांगितलं असतानाही शेठने खडूकडून चिठ्ठी लिहून घेतली. तू चिठ्ठीची घडी घातलीस, बाकावर बाजूला सारलीस आणि समोर बघायला लागलास. मी काचेवर थाप मारली. दारवानाने माझा हात धरला. तुझा हात वर झाला, विधेयकाच्या बाजूने मत दिलंस. विधेयक दोन मतांनी पास झालं. बावीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा आई वाटेत, गाडीत, गेल्या होत्या. बाई त्यांच्यासोबत होत्या. आईंचं शेवटचं बोलणं बाईंनी मला सांगितलं. ते मी तुला चौदा महिने सांगितलेलं नाही. सांगणार आहे.

त्या दिवसापासून तू मला काही विचारलं नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. "अमुक पत्राचं उत्तर गेलं का, तमुक सही राहिली का," एवढंच. आणि आतल्या आत तू असं ठरवून टाकलंस असं मला वाटतं, की एकदा सरळ वागायला गेलो तर देवाने ही किंमत घेतली, आता पुन्हा नको. त्यानंतरच्या अधिवेशनांत तू चिठ्ठीही मागितली नाहीस. शेठ सांगतील तिकडे उघड हात वर केलास. डस्टर, किंमत देवाने घेतली नाही. तुझं मत बरोबरच होतं. चूक माझ्या पाच शब्दांची होती. गेल्या महिन्यात तो मिशीवाला ड्रायव्हर कार्यालयात आला होता, तू दौऱ्यावर होतास. डोळे पांढरे स्वच्छ. म्हणाला, "आता शेजारी दुसरा ड्रायव्हर असतो. लेकाचा घोरतो, पण असतो." साहेबांना नमस्कार सांगा म्हणाला. मी तो नमस्कार तुला पोचवला नाही, कारण पोचवताना त्या दिवसाचं नाव काढावं लागलं असतं.

आणि मग गेल्या बुधवारी, प्रचाराच्या बैठकीत, प्रचारवाल्याने तुझ्या कामगिरीच्या पुस्तिकेची प्रुफं माझ्यापुढे टाकली. शेठ फुकट छापून देणार आहेत. सातव्या पानावर आईंचा फोटो. खाली मथळा, 'मातृभक्त लोकप्रतिनिधी'. आत लिहिलंय, की आईच्या सेवेसाठी साहेबांनी बारा वेळा सभागृह सोडलं, नोंद साक्षीला आहे. आणि त्याखाली ठळक अक्षरांत, की आईच्या निधनाच्या दिवशी मात्र त्यांनी काळजावर दगड ठेवून, चिठ्ठी हातात असतानाही, आधी कर्तव्य बजावलं. तो मुलगा खोटं बोलत नाहीये, त्याने नोंदवही पाहून लिहिलंय. वहीत तसंच आहे. माझ्या अक्षरात. मला एकच सांगितलं, की ऱ्हस्व-दीर्घ तपासा. मी तपासले. एकही चूक नव्हती.

त्याच बैठकीत शेठ म्हणाले, की पुढच्या अधिवेशनात तो दुसऱ्या ड्रायव्हरचा नियम काढून टाकायची दुरुस्ती येणार आहे, आणि निवडणूक तोंडावर असताना साहेबांनी उघड विरोधात दिसू नये. तू टेबलावरची टाचणी फिरवत राहिलास. मग शेठ माझ्याकडे वळून, डोळे मिचकावून म्हणाले, "आता आई नाहीत. पण वहिनी आहेतच की. त्यांची तब्येत कशी असते हल्ली?" सगळे हसले. तू हसला नाहीस, पण तू माझ्याकडे पाहिलंस. तीच नजर, मागच्या खोलीतली, बूट काढून बसलेल्याची. आणि मी खाली पाहिलं तर माझ्या बोटांत पेन होतं, टोपण काढलेलं. मी कधी काढलं ते मला आठवत नाही.

त्यानंतर मी तीन दिवस धड जेवलो नाही. बायकोने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला. तिसऱ्यांदा म्हणाली, "ताप नाही. मग पोटात काय दडवलंय ते ओका एकदाचं." तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी जाईल, ते बघू. पण माझ्या नावाची चिठ्ठी लिहिलीत तर मी खरीच आजारी पडेन, हे ध्यानात ठेवा." मी म्हटलं, अगं, तुझ्या नावाची कोण लिहितंय, वहिनींचं चाललंय. ती म्हणाली, "आज त्यांच्या, उद्या माझ्या. तुम्हाला सवय आहे." रविवारी कार्यालय उघडून मी फळा कपाटामागून काढला. कोळिष्टकं झाडली. डाव्या बाजूला सात नावं लिहिली, उजव्या बाजूला अकरा तारखा. लांब जाऊन वाचलं. सगळं खरं होतं आणि तरी मला ते वाचवेना. त्यात शेठ होते, औषधवाला होता, तू होतास. मी कुठेच नव्हतो. दुसऱ्यांचे गुन्हे चांगल्या अक्षरात लिहून आपण सुटायचं, ही तर माझी जुनीच खोड. मी ओल्या फडक्याने फळा दोनदा पुसला. तुझं काम मी केलं.

आता आईंचं शेवटचं बोलणं. बाई म्हणाल्या, गाडीत आईंनी विचारलं, "खडूची चिठ्ठी गेली का?" बाईंनी हो म्हटलं. तेव्हा त्या डोळे मिटून म्हणाल्या, "मग येईल तो. आजची खरी आहे, त्याला कळेल." तुला कसं कळणार होतं रे? मी तेराही चिठ्ठ्या एकसारख्या लिहून ठेवल्या होत्या. म्हणून आज सकाळी अकरा वाजता मी सभागृहाच्या नोंद शाखेत गेलो. वाट त्याच दारवानाने दाखवली. खिडकीपर्यंत सोबत चालला. मी लेखी दिलं, की वहीत डकवलेल्या तेरा चिठ्ठ्या माझ्या हातच्या आहेत. त्यांतली पहिली आणि शेवटची खरी. मधल्या अकरा खोट्या, तारखा खाली दिल्या आहेत, त्या दिवशी सभासदांच्या मातोश्री ठणठणीत होत्या, आणि हे कारण मी सुचवलं होतं. खिडकीतला कारकून म्हणाला, "अहो, निवडणूक तोंडावर, आता हे कशाला उकरताय?" मी म्हणालो, अक्षर माझं आहे. त्या अर्जावर खाली 'सभासदाचे म्हणणे' असा एक रकाना आहे. तो सात दिवस रिकामा ठेवतात. त्यात काय लिहायचं, लिहायचं की नाही, ते तुझं. सोमवारी तुला तिथून पत्र येईल. ते शेठच्या किंवा प्रचारवाल्याच्या तोंडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. प्रुफांचं सातवं पान मी सही न करता परत पाठवलंय. कपाटाच्या किल्ल्या शिपायाकडे आहेत. फळा पुढच्या भिंतीला टेकवून ठेवलाय, कोरा. अर्ज आत गेला, त्यावर शिक्का बसला, आणि पोच मी या पत्राला जोडली आहे.

तुझाच,
खडू